शाळेचें दार आणि किलोमीटरचा नियम

शाळा सर्वांसाठीं खुली आहे, हें वाक्य सरकारी कागदांत फार जुनें आहे. त्या वाक्याखालीं बारीक अक्षरांत जें लिहिलेलें असतें, त्याचा थोडा इतिहास आज सांगणार आहें.

जून १८५६ मध्यें धारवाडच्या सरकारी शाळेंत आपणांस घ्यावें, असा अर्ज एका महार मुलानें मुंबई सरकारकडे केला. न्याय मुलाच्या बाजूनें आहे, हें सरकारनें कबूल केलें. परंतु त्या एकट्यासाठीं इतरांचा रोष ओढवून संस्थाच निरुपयोगी करणें बरें नव्हे, असें म्हणून अर्ज नामंजूर केला. न्याय कबूल करून दार लावून घेण्याची ही रीत मोठी चमत्कारिक! १८५८ मध्यें कंपनीच्या संचालकांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असाव्या, असें कळविलें. हुकूम सुटला, पण वर्गांत कोणीं बसावें हें पुष्कळ दिवस गांवच ठरवीत राहिलें.

जातीच्या जोडीला फीची अडचण होतीच. नामदार गोखल्यांच्या १९११ च्या बिलांत दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्ति असणाऱ्या पालकाकडून फी घेऊं नये, अशी तरतूद होती. मार्च १९१२ मध्यें तें बिल १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें.

तें काम कायद्यानें देशभर व्हावयास २००९ साल उजाडलें. शिक्षणहक्काच्या त्या कायद्यानें विनाअनुदानित खासगी शाळांवर पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बळ व वंचित घटकांतील मुलांना विनामूल्य देण्याचें बंधन घातलें. पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असेंही नियमांत आलें. लहान पायांना फार चालावें लागूं नये, हा त्यांतील हेतु. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं महाराष्ट्र सरकारनें तोच किलोमीटर उलटा धरला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तिच्यावरील हें बंधन उठलें. शहरांत अशी शाळा जवळ नाहीं, असें ठिकाण तरी किती सांपडणार? मुंबई उच्च न्यायालयानें १९ जुलै २०२४ रोजीं तो बदल रद्द केला, हें योग्यच झालें.

यवतमाळ शहरांतील मजुराच्या मुलाला त्या निकालाचा लाभ आहे. पण याच जिल्ह्यांत झरी-जामणी, मारेगांव या बाजूला कोलामांचीं पोडें आहेत. पोड म्हणजे त्यांची लहानशी वस्ती. प्रवेशाच्या अर्जांत नकाशावर घर दाखवावें लागतें आणि तेथून शाळेचें अंतर मोजलें जातें. खासगी शाळा बहुधा वणी-पांढरकवड्यासारख्या मोठ्या गांवीं. पोडावरच्या मुलाला त्या २५ टक्क्यांचें काय? त्याला जवळची जिल्हा परिषदेची शाळा हाच आधार. आणि दहांहून कमी पटाच्या सुमारें १३०० शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचें सरकारनें २०१७ च्या अखेरीस ठरविलें. हजेरीपट भरण्यांत आयुष्य गेलेल्या मास्तराला हा हिशेब तोंडपाठ असतो. एखाद्या पोडावर घरेंच वीस-पंचवीस. तेथें चार इयत्तांचा पट दहावर जावा कसा?