नाशिक-मुंबई : अंतर किती?

नाशिककराला विचारा, मुंबई किती लांब? तो किलोमीटर सांगणार नाही, तास सांगेल. आणि वर "घाटात अडकलो नाही तर" असं जोडेल! नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ रेषेत दोन्ही शहरांमध्ये १४० किलोमीटरच्या आसपास अंतर भरतं. रेल्वेने मात्र १८७-१८८. या दोन आकड्यांच्या मध्ये सह्याद्री उभा आहे.

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. रूळ कसाऱ्यापर्यंत पोचले १८६१ मध्ये, आणि पुढच्या जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटरला आणखी चार वर्षं लागली. थळ घाट चढून गाडी इगतपुरीला पोचली ती १८६५ मध्ये. चढ असा की दर ३७ फुटांमागे एक फूट. सुरुवातीला तर मध्येच गाडीची दिशा उलटी करून पुढचा टप्पा चढावा लागे. आजही कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी 'बँकर' इंजिनं लागतात.

तरी पण एवढ्याने जे घडलं ते मोठं होतं. बैलगाडीने दिवसांचा असलेला प्रवास तासांवर आला. १९७५ मध्ये पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि मुंबईत नोकरी, नाशिकला घर हे जमू लागलं. आमचे एक काका वर्षानुवर्षं पंचवटीने जाऊन-येऊन नोकरी करत. पहाटे निघायचे, मुलं झोपलेली असायची. रात्री यायचे, तेव्हाही झोपलेलीच. काकू म्हणायची, "घर नाशकात आणि माणूस गाडीत."

मग विमान. ओझरला धावपट्टी जुनीच, एचएएलच्या लढाऊ विमानांच्या कारखान्यासाठी १९६० च्या दशकात झालेली. प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये उभं राहिलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून मुंबईचं छोटं विमान सुरू झालं. आकाशात पाऊण तास! पण ओझर शहरापासून वीसेक किलोमीटर, आधी पोचून थांबायचं, आणि उतरल्यावर मुंबईची गर्दी आहेच. दारापासून दारापर्यंतचा हिशेब केला तर गाडीशी फारसा फरक पडेना. ती सेवा टिकली नाही.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट टळतो. १८६५ मध्ये डोंगर चढावा लागला, आता त्याच्या पोटातून जाता येतं.

मला वाटतं, दोन शहरांमधलं खरं अंतर म्हणजे संध्याकाळी घरी परतता येतं की नाही, आणि परतल्यावर मुलं जागी असतात की नाही. काकांच्या वेळी त्याचं उत्तर अर्धंच मिळालं होतं. घाट टळला, पण पुढे मुंबईत शिरायला किती वेळ लागेल ते कोण सांगणार?

रोज जाऊन-येऊन करणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांच्या घरची माणसं अंतर कशात मोजायची, ते जरूर लिहा.