कोलोनच्या थंडीतला हिना

आमच्या आजोळी अत्तर पंचांग बघून बदलायचं. पाडव्याची गुढी उतरली की हिन्याची कुपी कपाटाच्या मागच्या कप्प्यात जायची आणि वाळ्याची पुढे यायची. हिना पुन्हा बाहेर निघायचा तो थेट मार्गशीर्षात. मधे कुणी लग्नाला निघताना मागितला, तरी आजी द्यायची नाही. “उष्ण असतो तो. घोळणा फुटेल,” एवढंच म्हणायची आणि विषय संपायचा.

हे शास्त्र तिला माहेराकडून मिळालेलं. तिचे वडील मिरजेजवळच्या एका खेड्यात वैद्यकी करायचे आणि वाग्भटाची ऋतुचर्या त्यांना मुखोद्गत होती. हेमंतात अंगाला केशर-कस्तुरीचा लेप लावावा, अगुरूची धुरी घ्यावी, ग्रीष्मात चंदन, वसंतात कापूर, चंदन, अगुरू, केशर. खेड्यातल्या वैद्याच्या घरी कस्तुरी कुठून परवडणार? तेव्हा कस्तुरीच्या जागी हिना आला, चंदनाच्या उटीच्या जागी वाळा. मिरजेच्या मीरासाहेबाच्या उरुसात अत्तरवाले यायचे, त्यांच्याकडून वैद्यबुवा वर्षाचं अत्तर घ्यायचे. कुपीचं बूच मनगटावर टेकवायचं, लगेच नाक लावायचं नाही, उरुसात एक फेरी मारून यायचं आणि मग हुंगायचं, ही त्यांची पद्धत. वरवरचं असेल ते तोवर उडून जातं, खाली जे उरतं त्याचे पैसे द्यायचे. आजी हे सांगताना वडिलांसारखं मनगट नाकाशी नेऊन डोळे मिटायची.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका आल्या की पालथ्या हातावर वाळ्याच्या अत्तराची काडी ओढली जायची, वर गुलाबदाणी, मग आंब्याची डाळ आणि पन्हं. माठातही वाळ्याची पुरचुंडी असायची, त्यामुळे पाण्याला आणि हाताला एकच वास. पावसाळ्यात मात्र अत्तराची कुपी बंद. तेव्हा केवडा. आजी कणसाच्या एकेका पातीच्या काटेरी कडा कात्रीनं कातरायची, पाती जुन्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळायची आणि ट्रंकेतल्या रेशमी लुगड्यांच्या घड्यांत सारायची. गौरींना ती लुगडी निघत तेव्हा सगळी खोली भरून जायची. केवड्याच्या बनात नाग असतो ही गोष्ट त्याच वेळी सांगितली जायची, आणि आम्ही मुलं लुगड्याच्या घडीतही नाग शोधायचो.

या पंचांगाबाहेरचा एकच वास घरात होता, कोलनवॉटरचा. त्याची जागा अत्तराच्या कपाटात नव्हती. औषधांच्या फडताळात, टिंक्चर आयोडिन आणि अमृतांजनाच्या शेजारी ती बाटली असायची. त्यामागे थोरल्या मामांचा विषमज्वर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. क्लोरॅम्फेनिकॉल यायला अजून दहाएक वर्षं होती आणि एकवीस दिवसांचा ताप म्हणजे एकवीस दिवस वाट बघणं. आजी रात्रभर उशाशी बसून कोलनवॉटरच्या पट्ट्या बदलत राहिली. पट्टी कपाळावर ठेवली की स्पिरिट उडून जातं आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं, हे वैद्यबुवांनी तिला समजावलं होतं. मामा वाचले. पुढे 1939 साली लढाई सुरू झाली, जर्मन माल यायचा थांबला, आणि धाकट्या मावशीच्या तापात मिठाच्या पाण्याच्या घड्यांवर भागवावं लागलं. मावशीही बरी झाली, पण मिठाच्या पाण्याला वास नव्हता याची खंत आजीला होती. आजाऱ्याला आपण बरे होतोय हे नाकाला आधी कळलं पाहिजे, असं तिचं ठाम मत.

धाकटे मामा 1960 च्या दशकात इंजिनिअरिंग शिकायला आखेनला गेले. तिथून कोलोन आगगाडीनं तासाभराच्या अंतरावर. सुट्टीच्या दिवशी ते कोलोनला जात; युद्धानं खरवडून काढलेल्या शहरात कॅथीड्रलचे दोन मनोरे तेवढे जुने दिसतात, बाकी सगळं नवं, असं घरी पत्रातून लिहीत. परतताना त्यांनी आजीसाठी निळ्या-सोनेरी लेबलाची 4711 ची बाटली आणली. आजीनं बूच काढून हुंगलं, “हेच ते,” म्हणाली, आणि बाटली औषधांच्या फडताळात ठेवली. “अगं आई, तिकडे हे लोक सेंट म्हणून लावतात,” असं मामांनी परोपरीनं सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

आज मी त्याच कोलोनमध्ये राहते, आणि आजीचं म्हणणं किती जुनं होतं हे मला इथे कळलं.

जिओव्हानी मारिया फारिना 1685 साली उत्तर इटलीत आल्प्सच्या कुशीतल्या सांता मारिया मॅज्जोरे या गावी जन्मला. त्याच्या भावानं 1709 मध्ये कोलोनला पेढी काढली. रेशीम, झालरी, चैनीच्या वस्तूंचा व्यापार. 1714 मध्ये जिओव्हानी मारिया तिच्यात आला आणि त्याचा योहान मारिया झाला. आपण एक सुगंध तयार केलाय, तो पावसानंतरच्या इटालियन वसंतातल्या सकाळची, डोंगरातल्या नर्गिसाच्या आणि संत्र्याच्या मोहोराची आठवण देतो, असं त्यानं भावाला 1708 सालीच कळवल्याचं सांगतात. या शहरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ खाली उतरून बसलेलं असतं. अशा जागी त्या माणसानं आपल्या गावचा वसंत बर्गमॉट, लिंबू, संत्रं आणि संत्र्याच्या फुलांच्या तेलात बांधून आणला, आणि नाव दिलं ते ज्या शहरानं आसरा दिला त्याचं. ती पेढी ओबेनमार्सफॉर्टेन रस्त्यावर आजही चालू आहे. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे वाचून गलबलून येतं, निदान मला येतं.

असलं पाणी त्या काळी अद्भुत जल म्हणून पोटात घ्यायलाही विकलं जायचं. पोटदुखी, डोकेदुखी, काय वाटेल त्यावर. 1794 मध्ये फ्रेंच फौजा कोलोनमध्ये शिरल्या. त्यांच्या अमलात शहरातल्या घरांना सलग क्रमांक पडले आणि ग्लोकेनगास्से गल्लीतल्या म्युल्हेन्स यांच्या घराला 4711 हा आकडा मिळाला. 1810 मध्ये नेपोलियनचा हुकूम निघाला, की गुप्त औषधं विकणाऱ्यांनी कृती सरकारला सांगावी. कृती कोण सांगणार? कोलोनच्या उत्पादकांनी पोटात घ्यायचं औषध ही ओळखच सोडून दिली आणि पाणी निव्वळ सुगंध म्हणून विकायला काढलं. पुढे फारिना या नावावरून पिढ्यान् पिढ्या कज्जे झाले. फारिनाच्या नावानं असंच पाणी विकणाऱ्या म्युल्हेन्सना अखेर 1881 मध्ये ते नाव सोडावं लागलं आणि मग घराचा आकडाच त्यांच्या मालाचं नाव झाला. म्हणजे कोलोननं जे 1810 मध्ये सोडलं, ते मिरजेकडच्या एका फडताळात दीडशे वर्षांनंतरही तसंच चालू होतं.

इथल्या उन्हाळ्यात मी दुसरं काही लावत नाही. जुलैत पारा पस्तिशीला जातो, जुन्या घरांना पंखे नसतात, ट्राममध्ये जीव कासावीस होतो. तेव्हा रुमालावर फारिनाचे चार थेंब पुरतात. या पाण्यात सुगंधी तेल जेमतेम पाच टक्के. लिंबाच्या जातीचे वास वजनाला हलके, उन्हात चटकन उसळतात आणि अर्ध्या तासात निघूनही जातात. उन्हाळ्यात तेच हवं असतं. वाळ्याचं अत्तर खरं तर त्याहून थंड, पण वाळ्याला आपली कोरडी, तापलेली चैत्राची हवा लागते. ऱ्हाईनकाठच्या दमट उकाड्यात तो मातकट होऊन बसतो.

वसंत इथे फुलांचा, आणि त्या फुलांची एक मोठी अडचण आहे. मेमध्ये फुलतात ती मायग्लोक्शनची पांढरी घंटाफुलं आणि त्याच सुमाराचा जांभळा लायलॅक, दोन्ही डोकं भारून टाकतात, पण भट्टीत घातली तर अत्तर देत नाहीत. बाटलीतला त्यांचा वास प्रयोगशाळेतून येतो. आणि या बाबतीत जर्मनांनी जगाला शिकवलं. वेझर नदीकाठच्या होल्त्समिंडनचा विल्हेल्म हारमान यानं फर्डिनांड टीमानच्या साथीनं 1874 मध्ये स्प्रूसच्या रसातल्या द्रव्यापासून व्हॅनिलाचा वास घडवला. 1893 मध्ये टीमाननं व्हायोलेटच्या फुलांचा. मला या घडवलेल्या वासांचा राग नाही. मेमध्ये मी बाटलीतला मायग्लोक्शन आवडीनं लावते. फूल स्वतः देत नसेल तर माणसानं कष्ट करून मिळवलं, यात हिणकस काय आहे?

हिन्याची गोष्ट वेगळी. तो कनौजच्या देग-भपक्यात, मसाल्यांच्या आणि मुळ्यांच्या वाफेवर, चंदनाच्या तेलात उतरतो. त्या चंदनाचंही जर्मनीशी नातं आहे. पहिल्या महायुद्धाआधी म्हैसूरचं चंदनी लाकूड मोठ्या प्रमाणावर इथे यायचं आणि तेल इथल्या कारखान्यांत निघायचं. 1914 मध्ये ती वाट बंद झाली, लाकूड म्हैसुरात पडून राहिलं, आणि 1916 मध्ये विश्वेश्वरय्यांच्या दिवाणगिरीत संस्थानानं तेल काढायचा स्वतःचा कारखाना उभारला.

डिसेंबरात बाहेर शून्याच्या आसपास आणि घरात हीटरनं सुकलेली हवा, अशा वेळी कोलनवॉटर दारापर्यंतही टिकत नाही. थंडीत वास पसरत नाहीत, आणि कोरड्या नाकाला पुसट वास कळत नाहीत. तिथे जड, चिकट, तेलकट असंच काहीतरी लागतं. हिन्याचा फाया लोकरी मफलरच्या घडीत ठेवला की अंगाच्या उबेनं तो सावकाश उमलतो आणि संध्याकाळपर्यंत पुरतो. वाग्भटाचा हेमंत मिरजेत मला कधी पटला नव्हता. तिथे पौषातही दुपारी घाम येतो. तो इथे पटला.

पण हवेचा नियम सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही, हे आमच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी मला दाखवलं. त्या नव्वदीच्या आहेत. 4711 त्या फक्त हिवाळ्यात लावतात. 1946-47 चा भुकेचा हिवाळा त्यांनी लहानपणी इथेच काढला. कोळसा नव्हता, 1946 च्या अखेरच्या रात्री कार्डिनल फ्रिंग्झ यांनी प्रवचनात सांगितलं, की जगण्यासाठी अगदीच आवश्यक ते माणसानं घेतलं तर चालेल, आणि लोक मालगाड्यांवरून कोळसा उतरवू लागले. आजीबाईंची आई रात्री कोळसा आणून हात धुवायची आणि बॉम्बवर्षावातून वाचलेल्या बाटलीतला एक थेंब मुलीच्या रुमालावर टाकायची. आईचे हात आणि तो थेंब, त्यांचा हिवाळा तिथे पक्का झाला. मी अर्ध्या तासात वास उडण्याचं शास्त्र सांगायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, “उडू दे. पुन्हा लावते.”

गेल्या नाताळात मी त्यांच्या शालीला हिना लावला. बराच वेळ शाल नाकाशी धरून त्यांनी विचारलं, हे तुमच्याकडे चर्चमध्ये जाळतात का? मी त्यांना कनौजची भट्टी, मीरासाहेबाचा उरूस, मनगटावर थांबून हुंगणारे वैद्यबुवा, सगळं सांगितलं. परवा मामेभावाला फोन करून यंदा उरुसातून दोन कुप्या घ्यायला सांगितल्या, एक त्यांच्यासाठी. आणि बूच मनगटावर टेकवून आधी फेरी मारून ये, असंही बजावलं.