गूळ, फळ आणि आबकारी

१४९३ साली कोलंबस दुसऱ्यांदा अमेरिकेकडे निघाला, तेव्हा त्याच्या गलबतांवर उसाचे बेणे होते. ऊस हे आपल्याकडचे जुने पीक. इराण, अरबस्तान, स्पेन असा मुक्काम करीत करीत ते अटलांटिकच्या काठाला पोचले होते. त्याच सफरीत, नोव्हेंबर महिन्यात, ग्वादलूप बेटावर त्याच्या माणसांनी एक खरबरीत सालीचे फळ प्रथमच चाखले. ते अननस. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अननस हिंदुस्थानात आणला. ऊस तिकडे गेला आणि अननस इकडे आला, असा हा सौदा झाला.

मेक्सिको देशात या दोघांचे एक पेय होते, त्याला तेपाचे म्हणतात. नाव तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतले. मुळात ते मक्याचे करीत. स्पॅनिश लोकांबरोबर ऊस आला, गूळ आला, आणि मक्याची जागा अननसाने घेतली. आपल्या बायका जी साल उकिरड्यावर टाकतात तीच तिकडची घरधनीण जपून ठेवते. साल आणि मधला कठीण दांडा भांड्यात घालायचा, त्यावर गुळाचे पाणी ओतायचे, दालचिनीचा तुकडा टाकायचा, तोंडाला फडके बांधून दोन-तीन दिवस ठेवायचे. पाणी फसफसू लागले, वर फेस धरला, की गाळून गार करून प्यायचे. चव आंबटगोड. मद्यार्क शेकडा एक-दोन, म्हणजे नावालाच. आणखी दोन दिवस राहिले तर चढू लागते, आणि त्याहून विसरले तर त्याचा शिरका होतो.

यात विरजण कुणी घातले? कुणीच नाही. फळाच्या सालीवर किण्वाचे सूक्ष्म जीव मुळातच असतात. ते साखर खातात, तिचा मद्यार्क आणि वायू करतात. आंबण्याचे काम सजीवांचे आहे, हे फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या संशोधनात दाखवले. शिक्षकबंधूंना वर्गात दाखवायचे असेल तर गुळाच्या पाण्यात न धुतलेली चार द्राक्षे चुरडावी आणि बाटलीच्या तोंडाला रबरी फुगा बांधावा. फुगा हळूहळू उभा राहतो. मुलांना पुस्तकातल्या पानापेक्षा हे जास्त पटते, बरं का.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला या कृतीत परके असे काही वाटू नये. ज्वारीची आंबील आपण करतोच. आणि द्राक्षासव घ्या. मनुका किंवा द्राक्षे, गोडासाठी गूळ, आणि आंबवण्यासाठी धायटीची फुले. ही तांबडी फुले सह्याद्रीच्या उतारांवर भरपूर येतात. मडक्याचे तोंड बंद करून वैद्य ते महिनाभर ठेवीत. तेपाचे दोन दिवसांचे, आसव महिन्याचे, अंतर एवढेच.

आता प्रश्न असा की असले मडके घरात भरण्याचा अधिकार कुणाचा? हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. राज्याचा मक्ता त्यात कडक आहे, तरी सणाकार्याला कुटुंबाने घरी सुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावे, उत्सवात चार दिवसांची मोकळीक असावी, अशी सोय त्याने ठेवली. करवसुलीत कौटिल्य काही भोळा नव्हता. पण घर आणि गुत्ता यांतला फरक त्याला कळत होता.

इंग्रजांच्या आबकारीने तो फरक पुसला, असे माझे मत आहे. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला आणि परवान्याशिवाय मद्य करणे, विकणे, इतकेच काय, ताडी-शिंदीच्या झाडाला छेद देणे हादेखील गुन्हा झाला. झाडागणिक कर बसला. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला. यामागचा हिशेब सरळ आहे. झाडे हजार बांधांवर विखुरलेली, मडकी घरोघर. त्यांच्यावर पाळत ठेवणार किती शिपाई? उलट दारू गाळणाऱ्या मोठ्या भट्टीला दार एक, कुलूप एक. तेव्हा सरकारची सोय आंबवलेल्या सौम्य पेयापेक्षा गाळलेल्या कडक दारूत होती.

आपल्या भागात आणखी एक गुंता होता. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले. कऱ्हाड, वाळवा, तासगाव इंग्रजी अमलाखाली आले. पण सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थाने १९४८ पर्यंत होती. गाडीरस्त्याने निघालेला माणूस दिवसभरात दोन-तीन राज्यांतून जाई.

मात्र दारूविरुद्ध आवाज उठला तो लोकांतूनच, हे विसरून चालणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, त्यांनी दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला. गरिबाचा संसार दुकानात जातो आणि पैसा तिजोरीत, हे त्यांना दिसत होते. पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या सांगलीकडच्या तालुक्यांसह, न्यायदान केले, साध्या खर्चाची लग्ने लावली आणि दारूबंदीही केली. सरकारी परवान्याला न जुमानणारी माणसे गावात दारू होऊ देत नव्हती. कुंडल हे या चळवळीचे मोठे केंद्र. तिथे चीड होती ती घर बुडवणाऱ्या दारूची. आंबिलीची किंवा वैद्याच्या मडक्याची नव्हे.

स्वराज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्यात मद्याची व्याख्या फार रुंद आहे: ताडी, वाइन, बिअर तर खरेच, पण मद्यार्क असलेला कोणताही द्रव पदार्थ त्यात येतो. या कायद्याविरुद्ध बलसारा नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायदा उचलून धरला, पण मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांच्या वापरावरची बंदी अवाजवी ठरवली. कौटिल्याने अरिष्टाला ठेवलेली वाट, जवळजवळ दोन हजार वर्षांनी, कोर्टातून पुन्हा उघडली म्हणा ना! सणाकार्याची वाट मात्र बंदच राहिली.

१९६०च्या दशकात बंदी सैल झाली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि परवानाधारक दुकाने पुन्हा गावात दिसू लागली. गावातल्या निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते, ही तरतूद त्यानंतरची. २००१ साली राज्याने द्राक्षांच्या वाइनसाठी धोरण आखले आणि दोन वाइन पार्क ठरवले, एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरा सांगली जिल्ह्यात पलूसला. प्रतिसरकारचे कुंडल आज याच पलूस तालुक्यात आहे. कारखानदाराने परवाना घेऊन द्राक्षे आंबवावीत यासाठी सरकारने जागा दिली. शेजारच्या वस्तीवरच्या बाईने अननसाची साल गुळाच्या पाण्यात घालून तिसऱ्या दिवशी गाळली, तर १९४९ च्या व्याख्येप्रमाणे ते मद्य आहे. द्राक्षासवाची बाटली मात्र तालुक्याच्या कोणत्याही आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळते, आणि तिच्यावर घ्यायचे प्रमाण चमच्यांत छापलेले असते.