काचेच्या टाकीत सापडलेला नातलग

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या प्राणिविचारापाशी थांबलो होतो. वनस्पती कुठे संपते आणि प्राणी कुठे सुरू होतो, हा त्याचा प्रश्न. या सीमारेषेवर त्याने जे जीव बसवले त्यांत ‘टेथिया’ आहेत, म्हणजे आजचे ॲसिडियन. खडकाला किंवा बोटीच्या बुडाला चिकटलेली चामड्यासारखी पिशवी. तिला दोन छिद्रं, एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. दाबली की पिचकारी उडते. शाळेत आपण ‘हर्डमानिया’ हे नाव पाठ केलं, तो याच कुळातला.

ॲरिस्टॉटल म्हणतो, हे वनस्पतींपेक्षा फारसे वेगळे नाहीत, तरी स्पंजांहून थोडे अधिक प्राणी आहेत. आता याला हसू नये. त्याने ती पिशवी उघडून आतली पटलं वर्णिली आहेत, निरीक्षण पक्कं आहे. उणीव होती ती वेळेची. त्याच्यासमोर आला तो फक्त चिकटून बसलेला प्रौढ जीव. या जीवाचं बालपण जेमतेम मिलिमीटरभर लांबीचं आणि काही तासांचं असतं. ते पाहायचं तर समुद्र खोलीत आणून जिवंत ठेवावा लागतो.

पुढे लिनियसने यांना कृमींच्या मोठ्या गाठोड्यात टाकलं, कुव्हिएने शिंपल्या-गोगलगायींसोबत. १८१६ मध्ये लामार्कने ‘ट्युनिकेटा’, म्हणजे अंगरखा घातलेले, असं स्वतंत्र नाव दिलं. पण नाव बदललं म्हणून समज बदलली नाही.

समुद्र खोलीत आणला तो हौशी मंडळींनी. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ लंडनला घरी आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. विज्ञानाच्या इतिहासात या मोलकरणीचा पुतळा कुठे नाही, पण आजचा हवेचा पंप तिचंच काम करतो. १८५४ मध्ये फिलिप गॉसचं ‘द ॲक्वेरियम’ आलं आणि काचेची टाकी ब्रिटनच्या दिवाणखान्यात शिरली.

त्याच सुमारास अलेक्झांडर कोवालेव्स्की हा तरुण रशियन संशोधक नेपल्सला गेला आणि ॲसिडियनच्या अंड्याचं काय होतं ते टप्प्याटप्प्याने पाहत बसला. अंड्यातून पिशवी निघालीच नाही! बेडकाच्या पिल्लासारखी शेपटी हलवणारी अळी निघाली, शेपटीत आधाराचा दांडा, त्याच्या पाठीशी चेतारज्जू. तो दांडा म्हणजे पृष्ठरज्जू, जो गर्भावस्थेत तुम्हा-आम्हालाही असतो. हा निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७१ मध्ये मानवाच्या उत्पत्तीवर लिहिताना डार्विनने त्याचा आधार घेतला, आणि १८३३ मध्ये फॉकलंड बेटांवर आपणही अशा पोहणाऱ्या अळ्या पाहिल्या होत्या, हे तळटीपेत नोंदवलं. म्हणजे पाहिलं दोघांनी, पण एकाने ती वाढताना पाहिली. आमच्या मते सगळा फरक इथे आहे.

ही अळी जागा शोधून डोक्याने चिकटते, शेपटी आत जिरते, आणि मेंदूचाही बराच भाग मोडून जातो. यावर तत्त्वज्ञांच्या वर्तुळात एक विनोद आहे: प्राध्यापकाची नोकरी कायम झाली की असंच होतं. (आम्ही निवृत्त आहोत, हसायला हरकत नाही.) पण विनोद जरा अन्यायाचा आहे. सिओना या जातीच्या अळीत मध्यवर्ती चेतापेशी १७७. त्या मोडल्या तरी प्रौढात नवी चेतागुच्छिका घडते. ती काढून टाकली तर पुन्हा उगवते.

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना हे जीव पुष्कळदा खडकासोबत फुकट मिळतात आणि गाळणीजवळच्या अंधाऱ्या कप्प्यात मजेत वाढतात. दुकानातून हौसेने आणलेले रंगीत मात्र काही महिन्यांत आक्रसून मरतात. कारण साधं आहे. पाणी काचेसारखं स्वच्छ ठेवण्याच्या नादात आपण त्यांचं अन्नच काढून टाकतो. त्यांना पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ लागतं, तेही सतत.

पैदास करायची तर सिओना बरी, पण तिला थंड पाणी हवं, १८ अंशांच्या आसपास. प्रत्येक जीव नर-मादी दोन्ही असला तरी स्वतःच्या अंड्यांना तो सहसा फळवत नाही, म्हणून किमान दोन हवेत. दिवा काही दिवस अखंड चालू ठेवला की अंडी साठत जातात. मग अंधार करायचा, आणि पुन्हा उजेड. त्याला पहाट झाली असं वाटतं आणि तो अंडी सोडतो. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसलं, तर कोवालेव्स्कीने पाहिलेली ती शेपटी हलताना दिसते. मात्र उशीर करू नये. आणखी एखाद्या दिवसात ती काचेला चिकटलेली असते.