अजमलीन : हकीमसाहेबांच्या नावाचे औषध

हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात वापरले जाणारे एक औषध आहे, अजमलीन. युरोपातील रुग्णालयांत ते आजही वापरले जाते. पण हे नाव दिल्लीच्या हकीम अजमल खान यांचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

हकीमसाहेब (1868–1927) युनानी वैद्यकाच्या नामवंत घराण्यातले. 1921 साली ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. जामिया मिल्लिया इस्लामियाच्या संस्थापकांपैकी एक आणि तिचे पहिले कुलपती. दिल्लीच्या करोलबागेत त्यांनी आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभे केले. गांधीजींनी 1921 मध्ये त्याचे उद्घाटन केले. हकीम आणि वैद्य एकाच छताखाली शिकावेत, ही त्यामागची दृष्टी होती.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूत 'नब्ज', मराठीत 'नाडी'. शब्द दोन, पण बोट मनगटावर एकाच जागी ठेवायचे. इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी 'अल्-कानून' या ग्रंथात नाडीच्या गतीचे आणि नियमितपणाचे बारकाईने वर्णन केले. हा वारसा हकीमसाहेबांना पाठ होता. तरीही त्यांना वाटले की आपली औषधे आधुनिक रसायनशास्त्राने तपासली पाहिजेत. ज्याच्या घराण्याची कीर्तीच जुन्या विद्येवर उभी आहे, त्याने असे म्हणायला मोठे धैर्य लागते.

हे काम त्यांनी सलीमुज्जमान सिद्दीकी (1897–1994) या तरुणावर सोपवले. सिद्दीकींनी अलीगढला फारसी आणि तत्त्वज्ञान शिकून पुढे जर्मनीतील फ्रँकफर्टमध्ये रसायनशास्त्रात 1927 साली डॉक्टरेट मिळवली होती. त्याच वर्षी 29 डिसेंबरला हकीमसाहेबांचे निधन झाले. काम मात्र थांबले नाही. तिब्बिया कॉलेजात सिद्दीकींनी सर्पगंधेची मुळी हाती घेतली. युनानीत तिला असरोल म्हणतात. 1931 साली त्यांनी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी त्या मुळीतून अनेक शुद्ध द्रव्ये वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीमसाहेबांचे नाव दिले.

ही मुळी आपल्या मुंबईतही गाजली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची चाचणी केली आणि 1949 मध्ये तो अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. 1957 साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. दिल्लीतले मुस्लिम रसायनशास्त्रज्ञ, मुंबईतले पारसी डॉक्टर आणि वैद्य-हकीम दोघांच्याही बटव्यातली मुळी!

रक्तदाबावर गुण देणारी द्रव्ये वेगळी, अजमलीनचे काम वेगळे. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीने पडतो. सोडियमचे कण पेशीत शिरले की ती लहर उठते. अजमलीन त्यांची वाट काही काळ अडवते, त्यामुळे बेफाम धावणारे ठोके आवरता येतात. 1992 साली पेद्रो आणि जोसेप ब्रुगादा या भावांनी एका विकाराचे वर्णन केले. त्यात वरून धडधाकट दिसणारा माणूस, कित्येकदा ऐन तारुण्यात, झोपेतच दगावू शकतो. नेहमीच्या ईसीजीत हा दोष अनेकदा लपून राहतो. शिरेतून अजमलीन दिले की तो काही मिनिटांत कागदावर उमटतो. म्हणजे मृत्यूच्या आधी इशारा मिळतो, आणि घरातल्या इतरांचीही तपासणी करता येते.

मात्र हेच औषध ठोके बिघडवूही शकते. म्हणून ही चाचणी रुग्णालयातच, सगळी तयारी ठेवून करतात. कुणी हे वाचून सर्पगंधेची मुळी उगाळून घेऊ नये.

सिद्दीकी 1951 मध्ये पाकिस्तानात गेले, पुढे रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यामुळे इकडे त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही. पण अजमलीनचा शोध करोलबागेत लागला, तो आपल्याही इतिहासाचा भाग आहे.

आपल्याकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, आपल्या हकिमांना सगळे आधीच ठाऊक होते. दुसरे म्हणतात, तो सगळा झाडपाला. हकीमसाहेबांनी दोघांनाही उत्तर देऊन ठेवले आहे : वारसा प्रयोगशाळेत न्या आणि निकाल येईल तो मान्य करा. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावांतून विज्ञान शिकायला बाहेर पडू पाहणारी मुले-मुली आहेत. इब्न सीनाच्या थोरवीचे संदेश मोबाइलवर पुढे ढकलताना त्यांच्या फीची आणि प्रवासाची सोयही पाहू या. सिद्दीकींच्या पाठीशी कुणीतरी उभे होते, म्हणूनच अजमलीन सापडले.