म्हणींतला पाऊस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गोष्ट १९८३ सालची. कंधार आणि अहमदपूर यांच्या मधल्या टापूत एका खेडेगावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवीत होतो. नववीच्या वार्षिक परीक्षेत मी पाच गुणांचा एक प्रश्न हमखास घालीत असे. एक इंग्रजी म्हण द्यायची आणि तिचा अर्थ पाच-सहा ओळींत लिहायला सांगायचे. त्या वर्षीची म्हण होती, 'सेव्ह फॉर अ रेनी डे'. पावसाळी दिवसासाठी काही शिल्लक टाकून ठेवा. उत्तर मी वर्गात फळ्यावर लिहून दिलेले होते. पावसाळी दिवस म्हणजे संकटाचा काळ, आजारपण, बेकारी, म्हातारपण. पोरांनी ते पाठ करायचे आणि उतरवून काढायचे, एवढाच त्यातला अभ्यास.

एका मुलाने मात्र ते उतरवले नव्हते. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले होते की, पावसाचा दिवस हा पेरणीचा दिवस असतो. त्या दिवशी बियाणे लागते, खत लागते, दुसऱ्याचे बैल भाड्याने घ्यावे लागतात. हाती पैसा नसेल तर सावकाराच्या दारात उभे राहावे लागते. म्हणून उन्हाळ्यात लग्नकार्यात पैसा उधळू नये, पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवावा.

मी लाल शाईने शून्य दिले आणि बाजूला लिहिले, 'अर्थ चुकला'. तो मुलगा इंग्रजीत एकतीसवर अडकला. उत्तीर्ण व्हायला पस्तीस हवे होते.

त्या शून्याकडे मी परत येणार आहे. आधी, ह्या इंग्रजी म्हणी आमच्या नांदेड-लातूरच्या मातीत आल्या कुठून, ते सांगतो. पुण्या-मुंबईकडे त्या थेट आल्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. शाळाखात्याच्या क्रमिक पुस्तकांची भाषांतरे ह्याच मंडळींच्या देखरेखीखाली होत होती. तेव्हापासून इंग्रजी वाक्ये मराठी अंगरखा घालून आपल्यात वावरू लागली. 'गरज ही शोधाची जननी आहे', 'इच्छा तेथे मार्ग', 'प्रामाणिकपणा हेच सर्वोत्तम धोरण' ही शाळेच्या फळ्यावरची सुवचने आज कुणाला परकी वाटत नाहीत. पण ती जात्यावर जन्मलेली नव्हेत, वर्गात जन्मलेली आहेत. 'धोरण' हा शब्दच पाहा ना. आमची आजी प्रामाणिक होती, पण ते तिचे धोरण होते असे म्हटले असते तर तिला राग आला असता.

उलट दिशेनेही वाहतूक झाली. आल्फ्रेड मॅनवारिंग नावाच्या मिशनऱ्याने मराठी म्हणी गोळा करून, त्यांचे इंग्रजी भाषांतर करून १८९९ साली ऑक्सफर्डहून पुस्तक काढले. आपल्याकडे दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' यायला त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली.

आमच्याकडची वाट मात्र वळणाची होती. नांदेड, लातूर, उदगीर, कंधार हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात. प्राथमिक शाळा म्हणजे तहतानिया, माध्यमिक म्हणजे वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. काही खासगी शाळांचा अपवाद सोडला तर वरच्या वर्गांत शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. त्याच्यासाठी भाषांतराचे एक स्वतंत्र खातेच उभे केलेले होते. इंग्रजी हा सक्तीचा विषय. म्हणजे पोराची घरची भाषा मराठी, शाळेची उर्दू, आणि शिकायची इंग्रजी. इंग्रजी म्हण त्याच्यापर्यंत उर्दूचा हात धरून येई.

माझे वडील नांदेडच्या फौकानियात शिकले. त्यांची एक वही माझ्याजवळ आहे. बारदानासारख्या जाड कापडात बांधलेली. प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत: इंग्रजी, उर्दू आणि बालबोधीत मराठी. 'अ बॅड वर्कमन क्वारल्स विथ हिज टूल्स' ह्याच्यापुढे उर्दू लिपीत 'नाच न जाने आंगन टेढा', आणि तिसऱ्या रकान्यात 'नाचता येईना अंगण वाकडे'. इंग्रज कारागीर हत्याराला दोष देतो आणि आपली नाचणारीण अंगणाला. खोड तीच. अशा ठिकाणी वडिलांच्या काळच्या मास्तरांना फारसे कष्ट पडले नसावेत.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले आणि हळूहळू मराठी माध्यम आले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ. मधला उर्दूचा रकाना गळून पडला, ते योग्यच झाले. मातृभाषेत शिकण्याचा हक्क आम्ही लढून मिळवला होता. पण रकाना गळाला तेव्हा त्याच्याबरोबर एक सवयही गेली असे मला वाटते. तीन भाषांत घासून पाहिल्याशिवाय म्हणीचा अर्थ मान्य करायचा नाही, ही ती सवय. तिची जागा पुढे गाईडने घेतली. डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे मराठी, मध्ये बरोबरीचे चिन्ह.

ह्या बरोबरीच्या चिन्हाने बरेच घोटाळे केले आहेत. 'आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड' म्हणजे 'दृष्टीआड सृष्टी', हे मी स्वतः कित्येक वर्षे शिकवले. वास्तविक इंग्रजी म्हणीत माणूस नजरेआड झाला की त्याचा विसर पडतो. मराठीत आपल्या पाठीमागे काय चालते ते आपल्याला दिसत नाही, मग त्याची काळजी करून उपयोग काय, असा भाव आहे. एकीत विसर आहे, दुसरीत सोडून देणे आहे. तसेच 'रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस'. गडगडत्या धोंड्याला शेवाळ धरत नाही. एका पोराने मला विचारले होते, "मग चांगलंच की सर, शेवाळावरून तर माणूस घसरतो!" मी त्याला खाली बसवले. पुढे कळले की ह्या म्हणीचे दोन्ही अर्थ लावणारे लोक खुद्द इंग्रजीतही आहेत. शेवाळ म्हणजे स्थैर्य, घरदार, साठलेली माया असे मानणारे एकीकडे, आणि शेवाळ म्हणजे गंज, तो न लागलेलाच बरा, असे मानणारे दुसरीकडे.

आता पावसाकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे.

आपल्याला वाटते, लंडनला धो धो पाऊस पडत असेल. तसे नाही. लंडनला वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या लातूरची सरासरी सातशे-आठशेच्या घरात आहे, नांदेडची त्याहूनही जास्त. पण लंडनचा पाऊस बाराही महिने थोडा थोडा, रिपरिप, कपडे वाळू न देणारा. आपला जवळजवळ सगळा चार महिन्यांत, त्यातही काही मोजक्या दिवसांत. तिकडे पावसाला तोटा नाही, ऊन मोलाचे. जॉन हेवूडने १५४६ साली इंग्रजी म्हणींचा संग्रह छापला, त्यात 'ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या' ही म्हण आहे. उन्हाची तिरीप दोन दिवस टिकली नाही तर कापलेले गवत कुजणार, आणि हिवाळ्यात जनावरे उपाशी मरणार. त्या शेतकऱ्याच्या जिवाची घालमेल त्या म्हणीत आहे. आमच्या भागात ती शिकवताना पोरे हसायची. उन्हाचं काय कौतुक? कडबा तर आपोआप वाळतो. आपली घालमेल मृगात, वापसा होतो की नाही, चाड्यावर मूठ धरायची की थांबायचे, ह्याची.

एकदा हे ध्यानात आले आणि मग मला जिकडे तिकडे तेच दिसू लागले. संकटामागून संकट आले की इंग्रज म्हणतो, 'इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स'. नुसता पडत नाही, कोसळतोच. त्याच प्रसंगी आपण म्हणतो, 'दुष्काळात तेरावा महिना'. आधीच पाऊस नाही, त्यात अधिक मास आलेला, म्हणजे सुगी आणखी एक महिना लांब. गाईडमध्ये ह्या दोन म्हणी शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. एकीत पाऊस हीच आपत्ती आणि दुसरीत पाऊस नसणे ही आपत्ती, हे मी कुठल्या गाईडात छापलेले पाहिले नाही. २०१५ साली तर आपली म्हण शब्दशः खरी झाली. अधिक आषाढ आला आणि पावसाने पाठ फिरवली.

बढाईखोराला इंग्रज भुंकणारे कुत्रे म्हणतो. आपण त्याला गर्जणारा ढग म्हणतो, 'गर्जेल तो पडेल काय'. फसवणाऱ्या ढगाचा अनुभव ज्याने जन्मभर घेतला त्यालाच हे सुचणार. आणि बचत? बचतीसाठी आपली जुनी म्हण आहे, 'थेंबे थेंबे तळे साचे'. इंग्रजाने पावसाच्या दिवसासाठी पैसा साठवायचा. आपण पाऊसच साठवायचा, तीच पुंजी. स्वातीचा पाऊस पडला तर माणिकमोती पिकतात असे म्हणणारी माणसे आपण. रब्बीच्या ज्वारीला ऑक्टोबरअखेरचा तो एक पाऊस काय करतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

हे सगळे मला सुचले ते फार उशिरा. निवृत्तीनंतर मी लातूरला राहायला आलो. २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडे पडले. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली. गल्लोगल्ली बोअर पाडण्याची यंत्रे रात्रंदिवस घरघरत होती. 'तहान लागल्यावर विहीर खणू नये' हे शिकवणारे आम्ही मास्तर लोक, आमच्याच सोसायटीत वर्गणी काढून सातशे फूट खाली गेलो आणि वर धुरळा आला. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची गाडी लातूरला पोचली. पाच लाख लिटर पाणी, सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून आलेले. तिला नाव दिले होते 'जलदूत'. मी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा होतो. वर आभाळात एक काळा ढग नाही. आणि कुठून कोण जाणे, मला ते शून्य आठवले.

घरी येऊन वडिलांची वही काढली. 'सेव्ह फॉर अ रेनी डे' सापडायला वेळ लागला. उर्दूच्या रकान्यात पाऊस नव्हताच. तिथे लिहिले होते, 'आडे वक्त के लिए'. म्हणजे अडचणीच्या वेळेसाठी. मराठीच्या रकान्यात, 'अडल्या वेळेला'. कुणा मास्तराने चाळीसच्या दशकात ह्या म्हणीतला पाऊस काढून टाकला होता, कारण नांदेडच्या पोरासमोर पावसाला संकट म्हणणे त्याच्या जिभेवर आले नसावे. ही वही १९८३ मध्येही माझ्या ट्रंकेत होती. मी ती उघडली नाही. मी गाईड उघडले.

इंग्रजीच्या नियमाने पाहिले तर त्या मुलाचे उत्तर चूकच होते, हे मी आजही म्हणेन. म्हणीचा अर्थ ठरलेला असतो, तो आपल्या मनाने बदलता येत नाही. पण शून्य? त्याला बचत कळली होती, पुढचे पाहणे कळले होते, सावकार कळला होता. फक्त इंग्लंडचे हवामान कळले नव्हते, आणि ते त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

त्यानंतर पाऊस बरा झाला, तुरी अमाप पिकल्या. २०१७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला तुरीचे भाव कोसळले. हमीभाव ५०५० रुपये क्विंटल, आणि बाजारात त्याहून खाली. सरकारी खरेदीच्या केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा, बारदाना नाही म्हणून वजने बंद. सकाळी फिरायला निघालो की मी त्या रांगेवरून जाई. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण हाती न आलेल्या गोष्टीवरून भांडणाऱ्यांसाठी. इथे तुरी बाजारात येऊन पडल्या होत्या आणि तरी हाती काही नव्हते.

एके दिवशी ट्रॅक्टरखाली सावलीला बसलेला एक माणूस उठून पाया पडला. "वळखलं का सर?" मी ओळखले नाही. गावाचे नाव सांगितले तेव्हा ओळखले. पन्नाशीला आलेला, डोक्याला पंचा. चौथा दिवस होता त्याचा रांगेत. नववीनंतर शाळा सोडली ती सोडलीच, म्हणाला. सहा एकर कोरडवाहू, मुलगी नांदेडला शिकते.

मी त्याला त्या पेपराचे सांगितले. त्याला काही आठवत नव्हते. मी त्याचे उत्तर त्याला मराठीत सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मग बरोबरच लिवलं होतं की ओ."

"शून्य दिलं होतं मी."

"आणि दिले असते मार्क तर पास झालो असतो का?"

पाचपैकी चार दिले असते तर बरोबर पस्तीस. हा हिशेब मी मनात कितीदा तरी करून पाहिलेला होता. "झाला असतास," मी म्हणालो.

तो थोडा वेळ रांगेकडे बघत राहिला. मग हसला. "दहावीत गेलोच असतो, सर. गणित लई कच्चं होतं माझं."

पुढचा ट्रॅक्टर हलला होता. तो धावत जाऊन आपल्या ट्रॅक्टरवर चढला.