मातीत हरवलेले मूल : गोरोबांचे आख्यान आणि पडदा

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना 'तगर' या प्राचीन व्यापारपेठेमुळे, तर वारकऱ्यांना गोरोबाकाकांच्या समाधीमुळे परिचित आहे. तेरणाकाठच्या या संताचे आख्यान कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. अशोकजी परांजपे यांच्या 'गोरा कुंभार' या संगीत नाटकाने ते रंगभूमीवर नेले आणि दक्षिणेकडील भाषांच्या चित्रपटांनीही ते आपलेसे केले. भक्तीच्या पराकाष्ठेची कथा म्हणून ते वाचण्याचा प्रघात आहे. परंतु हे आख्यान मूल गमावलेल्या आईबापांचेही आहे. त्याच्या या दुसऱ्या अंगाचे पडद्यावर काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

महिपतीच्या 'भक्तविजय' (१७६२) या ग्रंथाने या आख्यानाला दिलेले रूप पुढील परंपरेत रूढ झाले. पत्नी पाण्याला जाताना मुलाकडे लक्ष ठेवण्यास सांगते. गोरोबा नामात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असतात. रांगते मूल त्यात येते आणि तुडविले जाते. परतलेली आई प्रथम मुलाला शोधते. हरिश्चंद्राच्या आख्यानाशी तुलना केली असता या तपशिलाचे वेगळेपण ध्यानात येते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपल्या पहिल्या कथापटासाठी जे आख्यान निवडले, त्यात तारामतीच्या मांडीवर रोहिदासाचे प्रेत आहे, स्मशान आहे, दहनाचा विधी आहे. गोरोबांच्या अंगणात यांपैकी काहीच नाही. मूल मातीत मिसळून गेले आहे. त्यामुळे शोकाला विधीचा आधार मिळत नाही. तो शब्दाकडे वळतो.

हा शब्द म्हणजे शपथ. पत्नीच्या आक्रोशाने व बोलांनी संतापलेले गोरोबा तिला मारावयास धावतात, तेव्हा आपल्याला स्पर्श करू नये म्हणून ती विठोबाची शपथ घालते. ज्या नामाच्या तंद्रीत मूल गेले, त्याच नामाने ती नवऱ्याला बांधून टाकते. पुढचे सारे कथानक या शपथेतून निघते : धाकट्या बहिणीशी लावून दिलेला विवाह, दोघींना सारखेच वागवावे ही सासऱ्याची आज्ञा, ती शब्दशः मानून दोघींपासूनही राखलेले अंतर, झोपेत अंगावर ओढून घेतलेले हात आणि शपथभंगाचे प्रायश्चित्त म्हणून गोरोबांनी तोडलेले तेच हात. अखेर पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात हात परत येतात, मूल परत येते, शपथही सुटते. तात्पर्य, मुलाचे जाणे आणि परतणे यांमधला विस्तृत अवकाश आईच्या एका वाक्याने व्यापला आहे. आख्यानाची गती तिच्या शोकातून येते, ही गोष्ट भक्तिपर वाचनात सहसा नोंदली जात नाही.

चित्रपटांत हा समतोल बदलतो. तमिळमधील जेमिनीचा 'चक्रधारी' (१९४८), कन्नडमधील राजकुमार यांची भूमिका असलेला 'भक्त कुंबार' (१९७४) आणि तेलुगूमधील अक्किनेनी नागेश्वर राव यांचा 'चक्रधारी' (१९७७) हे या आख्यानावरील प्रमुख बोलपट होत. कीर्तनकार तुडवणीचा प्रसंग चार शब्दांत सांगून पुढे जाऊ शकतो. कॅमेऱ्याला ती सवलत नाही. बापाचे डोळे मिटलेले आणि आई पाण्यावर गेलेली, अशा वेळी मुलाकडे पाहणारा एकटा प्रेक्षकच उरतो. त्याला दिसते, पण हाक मारता येत नाही. पडद्याने आख्यानात घातलेली ही खरी भर होय. मात्र या असह्य साक्षीचे ओझे शेवटचा चमत्कार लगेच उतरवून ठेवतो. मूल परतले की आईचा आरोपही निकालात निघतो.

आईच्या आरोपाला चमत्कारापुढेही टिकविण्याचे उदाहरण मराठीत 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) सापडते. आजारी मुलासाठी पायताण घेऊन देवळात विठोबाला जाब विचारणारी जिजाई हास्यास्पद ठरत नाही. तुकाराम वैकुंठाला जातात, जिजाई संसारात मागे राहते; तिचे म्हणणे चित्रपट खोडून काढीत नाही.

तेरच्या याच जिल्ह्याने मातीचे दुसरे रूपही पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली; त्यांत मुले होती. ज्यांनी ढिगारे उपसले, त्यांना परतीचा शेवट कोणत्या तोंडाने सांगावा? हे दुःख चमत्कारावाचून सांगण्याची वाट मात्र आपल्या परंपरेत आहे.

दि. बा. मोकाशी यांच्या 'आता आमोद सुनासि आले' या कथेवर सुमित्रा भावे यांनी केलेला 'दिठी' (२०२१) त्या वाटेने जातो. रामजी हा लोहार, वर्षानुवर्षे वारी करणारा. त्याचा तरुण मुलगा पुरात गेला आहे. गोरोबांप्रमाणेच तोही कारागीर, त्याचेही सारे जगणे हातांवर. अडलेल्या गाईची सुटका करण्यासाठी त्याला बोलावणे येते आणि ते हात वासराला जगात आणतात. मुलगा परत येत नाही. गोरोबांच्या आख्यानात हात आणि मूल दोन्ही परततात. येथे केवळ हात परततात, आणि तेवढ्यावर माणूस पुन्हा उभा राहतो. चमत्कार वगळूनही वारकरी जाणीव शाबूत राहते, हे या रूपांतराचे मोल आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. 'दिठी'तील तरुण विधवा सून नुकतीच बाळंत झाली आहे. पण चित्रपटाच्या केंद्रस्थानी शोक आहे तो सासऱ्याचा. तेरला समाधी गोरोबांची आहे. शपथ घालणाऱ्या त्या आईच्या बाजूने हे आख्यान सांगणारा चित्रपट मराठीत अजून व्हावयाचा आहे. महिपतीने त्याची सामग्री अडीचशे वर्षांपूर्वीच ओव्यांत मांडून ठेवली आहे.